काठी ते विमानतळ : हातसामानाचा हिशेब

राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीहून आमचुराचे वा भगरीचे नमुने घेऊन मुंबई-दिल्लीच्या व्यापाऱ्यांकडे विमानाने जाऊ पाहणाऱ्यास सातपुडा उतरून सुरतचा विमानतळ गाठणे सोयीचे पडते. हातसामान, म्हणजे प्रवाशाने विमानात स्वतःजवळ ठेवायची बॅग, देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात साधारणतः 7 किलोपर्यंतच चालते. तीत विळा वा मिरचीपूड नेता येत नाही, उलट पॉवर बँक मात्र तिच्यातच ठेवावी लागते, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतल्यास प्रवाशांच्या कक्षात ती आग लगेच लक्षात येते. नमुन्यांच्या पुड्या वरच ठेवल्या, तर तपासणीत अख्खी बॅग उपसावी लागत नाही. सामान जमा करण्याची खिडकी बहुधा उड्डाणाच्या 60 मिनिटे आधी बंद होते, म्हणून घाटातील खोळंबा धरूनच घर सोडावे.