जालन्याहाळक
जालन्याहाळक : (वेब ब्राउझर). दूरस्थ संगणकावरील जालपृष्ठ मागवून ते पडद्यावर वाचनीय रूपात मांडणारी आज्ञावली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला न्याहाळक तयार केला. मोझेइकमुळे (१९९३) त्याचा सर्वसामान्यांत प्रसार झाला.

न्याहाळकांची तुलना करताना बाह्य रूपापेक्षा पृष्ठाची मांडणी करणारे अंतर्गत एंजिन अधिक महत्त्वाचे ठरते. गूगल क्रोम (२००८), ऑपेरा आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्ट एज यांच्या संगणकीय आवृत्त्यांत ब्लिंक हे एकच एंजिन असल्याने त्यांत पृष्ठे जवळजवळ सारखीच दिसतात; निवड भासते तितकी विस्तृत नाही. ॲपलच्या सफारीत वेबकिट असते. ब्लिंक २०१३ मध्ये त्यातूनच वेगळे झाले. त्यामुळे प्रमुख एंजिनांत निराळ्या वंशाचे म्हणता येईल असे मोझिलाच्या फायरफॉक्समधील गेकोच उरते.

एकाच एंजिनावर पारखलेली संकेतस्थळे इतरत्र अडखळतात. हा दोष बहुधा रचनाकाराचा असतो. पूर्वी अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत प्रणाली केवळ इंटरनेट एक्सप्लोररसाठी रचल्या. २०२२ मध्ये तो निवृत्त झाल्यावरही त्या चालाव्यात म्हणून एजमध्ये त्याची खास कार्यरीत ठेवावी लागली. अशा कार्यालयांना एज सोयीचा पडतो. घरगुती वापरात जाहिराती रोखणाऱ्या पूरक आज्ञावलींना फायरफॉक्समध्ये क्रोमपेक्षा अधिक मोकळीक मिळते.