पदकाच्या कडेवरील अक्षरे

ताम्रपट, तह आणि किल्ले यांच्या आधारे राजांचा इतिहास लिहिता येतो. परंतु साध्या शिपायाचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? त्याच्या नावाचा ताम्रपट नसतो, की त्याची बखरही कोणी लिहिलेली नसते. एखादे पदक, पितळी बिल्ला, निवृत्तिवेतनाचा कागद, पिवळे पडलेले पत्र, एवढेच काय ते त्याच्यामागे राहते आणि तेही बहुधा घरातील पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पडून असते. या वस्तू मिळविणे, जपणे आणि त्यांचा अर्थ बिनचूक लावणे हे इतिहासाभ्यासातील एक मोलाचे कार्य होय.

पहिल्या महायुद्धात अविभक्त हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले. या युद्धात हिंदुस्थानी सैन्यातील सुमारे ७४,००० लोक मरण पावले. महाराष्ट्रातील काही गावांत आजही संगमरवरी पाट्या आढळतात. गावातून किती इसम युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती मरण पावले, हे त्या पाट्यांवर कोरलेले असते. तेथे संख्या असते. नावे मात्र नसतात. ती नावे शोधावयाची कोठे?

येथे पदक साहाय्यास येते. त्या युद्धानंतर शिपायांना दिलेल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक अक्षरांत उमटविलेली असत. पदकाच्या दर्शनी बाजूवरील चित्र हजारो पदकांवर सारखेच असते. परंतु कडेवरील ही ओळ एकट्या त्या शिपायाची असते. म्हणूनच जाणता संग्राहक पदक हाती येताच प्रथम त्याची कड पाहतो. पैशाच्या अडचणीमुळे अनेक रुपेरी पदके आटविली गेली. चांदीचे मोल मिळाले, पण ती ओळ कायमची नाहीशी झाली.

वस्तू खरी असली, तरी तिचा अर्थ लावताना चूक होऊ शकते. एकाच शिपायास मिळालेल्या दोन पदकांपैकी रुपेरी पदकावर १९१४ व १९१८ ही वर्षे असतात, तर विजयपदकावर १९१४ ते १९१९ असा काळ असतो. घाईने पाहणारा म्हणेल, यांतील एक खोटे असावे. वस्तुतः दोन्ही खरी आहेत. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी लढाई थांबली. पण जर्मनीशी तह झाला तो २८ जून १९१९ रोजी.

पलटणींच्या नावांतही असाच घोटाळा होतो. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. आत अडकलेल्या सैन्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्नधान्य संपल्यामुळे २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले. पुढे १९२२ मध्ये सैन्याची पुनर्रचना झाली आणि १०३ क्रमांकाची पलटण ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली. हे ज्याला ठाऊक नसेल, तो दोन कागदांवर दोन नावे पाहून एका पलटणीच्या दोन पलटणी करील.

म्हणून संग्राहकाने काही नियम कटाक्षाने पाळावेत. वस्तू कोठे, कोणाकडून आणि केव्हा मिळाली, याची नोंद त्याच दिवशी करावी. पदक घासून लखलखीत करू नये. प्रत्येक घासण्याबरोबर धातूचा पातळ थर जातो आणि अक्षरे झिजतात. रंगीत फीत उन्हापासून दूर ठेवावी. जीर्ण कागदास चिकटपट्टी लावू नये. रणभूमीवर किंवा जुन्या छावणीच्या जागी तोफगोळा अथवा काडतूस दिसल्यास त्याला हात न लावता पोलिसांस कळवावे. कित्येक वर्षांनंतरही त्याचा स्फोट होऊ शकतो.

वृद्धांच्या आठवणीही अशाच जपाव्यात. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. त्याने स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले वेगळे ठेवावे. आठवण आणि कागद यांत मेळ बसत नसेल, तर दोन्ही नोंदवावेत. एक सोयीचे म्हणून ठेवून दुसरे गाळू नये. आदरापोटी पराक्रम वाढवून सांगण्याचा मोहही टाळावा, कारण खऱ्या पराक्रमास अलंकारांची गरज नसते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील इतर सर्व जण मशीनगनच्या माऱ्याने ठार वा जखमी झाले. तेव्हा घाडगे एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, त्यांनी ते काबीज केले आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढी हकीकत पुरेशी आहे. तिच्यात एक शब्दही भरीला घालण्याचे कारण नाही.

घाडगे यांची समाधी कोठे आहे, हे ज्ञात नाही. इटलीतील कासिनो येथे ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा लागला नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर कोरली आहेत; त्यांत त्यांचे नाव आहे. अशा सैनिकाची जगातील जागा म्हणजे त्याचे कोरलेले नाव. ते नाव, त्याचे गाव आणि त्याची पलटण अचूक लिहून ठेवणे, एवढे ऋण मागे राहिलेल्यांनी फेडलेच पाहिजे.