गळती कळायला सतरा तास

एन्ब्रिज कंपनीच्या ‘लाइन ५’ या तेलवाहिनीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुनावणीला घेतला, तेव्हा मॅकिनॅक सामुद्रधुनीच्या तळाशी पडलेल्या त्या जुन्या नळांवर पुन्हा रकानेच्या रकाने लिहिले गेले. न्यायालयापुढचा मुद्दा तसा कोरडा होता: खटला मिशिगन राज्याच्या कोर्टात चालवायचा की फेडरल. पण मिशिगनमधली माणसं या कंपनीवर सहजासहजी विश्वास का ठेवत नाहीत, हे समजायला २०१०पर्यंत मागे जावं लागतं. २५ जुलै २०१०, रविवार. याच कंपनीची ‘लाइन ६बी’ मार्शल या छोट्या गावाजवळ फुटली आणि सुमारे ३२ लाख लिटर जड कच्चं तेल टालमॅज ओढ्यातून कालामाझू नदीत उतरलं.

गंजलेला, भेगाळलेला नळ, तपासणीत दिसूनही न उकरलेली जागा, साफसफाईचा अफाट खर्च हे सगळं लिहून झालेलं आहे. मला त्या घटनेतली एकच जागा सोडवत नाही. फुटलेल्या नळापासून हजारो किलोमीटर दूर, कॅनडातल्या एडमंटन इथली कंट्रोल रूम. पडद्यावर वाहिनीचा दाब, प्रवाह, पंप सगळं दिसत होतं. अलार्मही वाजले, नळ फुटल्यापासून काही मिनिटांतच. तरी गळती झाली आहे हे तिथल्या माणसांना कळायला सतरा तासांहून अधिक वेळ लागला.

असं कसं झालं? त्या संध्याकाळी वाहिनी ठरल्याप्रमाणे बंद केली जात होती. सहाला दोन मिनिटं कमी असताना, बंद करण्याच्या शेवटच्या टप्प्यात, ३० इंची नळ सुमारे दोन मीटर लांबीत उघडला. मार्शल स्थानकावर दाब एकदम पडला. पण वाहिनी बंद करताना दाब पडतोच. शिवाय नळातला दाब फार उतरला की तेलाचा सलग स्तंभ मध्येच तुटतो आणि त्या जागी वाफेची पोकळी तयार होते. कंट्रोल रूमच्या भाषेत ‘कॉलम सेपरेशन’. ही पोकळी असली की आत किती तेल गेलं आणि बाहेर किती आलं, याचा ताळा करणारी संगणकप्रणाली गोंधळते आणि गळतीचा अलार्म देते. ताळा बघणाऱ्या विश्लेषकाने हेच कारण सांगितलं, पाळीवरच्या लोकांना ते पटलं. अलार्म खोटा ठरला.

रात्री आठला पाळी बदलली.  मार्शलमध्ये साडेनऊच्या सुमाराला एका रहिवाशाने ९११ला फोन करून उग्र वासाची तक्रार केली होती. अग्निशमन दलाचे लोक फिरून आले, त्यांना काही सापडलं नाही, आणि तेलवाहिनी चालवणाऱ्यांना कुणी कळवलंही नाही. पहाटे चारला एडमंटनहून वाहिनी पुन्हा सुरू केली गेली. तेल आत ढकललं जात होतं, पुढे दाब चढत नव्हता. पोकळी भरायला अजून तेल हवं, असा अर्थ काढला गेला. तासाभराने बंद केली. सकाळी सव्वासातनंतर पुन्हा अर्धा तास चालवून पाहिली. सांडलेल्या तेलातलं ८१ टक्के तेल या दोन प्रयत्नांत सांडलं. म्हणजे मोठा अपघात नळाने केला नाही, नळ फुटल्यावर पंपाने केला. शेवटी सव्वाअकराला स्थानिक गॅस कंपनीच्या माणसाने ओढ्यात तेल पाहिलं आणि फोन केला, तेव्हा कुठे खरी बातमी कंट्रोल रूममध्ये पोहोचली.

चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या (एनटीएसबी) तेव्हाच्या अध्यक्षा डेबोरा हर्समन यांनी जुलै २०१२ मध्ये या कारभाराची तुलना मूकपटांतल्या धांदरट पोलिसांशी, ‘कीस्टोन कॉप्स’शी केली. वाक्य गाजलं, मथळ्यांत झळकलं. मला ते पटत नाही. धांदरट माणसं घाबरून चुकीची बटणं दाबतात. इथली माणसं शांतपणे, एकमेकांना विचारून, कारणमीमांसा करत चुकत होती. प्रत्येक नव्या अलार्मला त्यांच्याकडे जुनंच, तयार उत्तर होतं. हर्समन यांच्याच मंडळाच्या अहवालात हे बारकाईने आलं आहे, पण अहवाल कोण वाचतो!

त्यातही दहा मिनिटांचा नियम मला सगळ्यात बोलका वाटतो. १९९१ मध्ये मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स इथे याच कंपनीच्या पूर्वसुरींची वाहिनी फुटली होती. त्यानंतर नियम आला की, कॉलम सेपरेशनचा उलगडा दहा मिनिटांत झाला नाही तर वाहिनी बंद करायची. अर्थ लावत बसायचं नाही. नियम कागदावर होता, ऑपरेटरांना ठाऊकही होता. पण पहाटे प्रश्न आला तेव्हा घड्याळापेक्षा विश्लेषकाचा शब्द वजनदार ठरला. पाळीप्रमुखही त्याच्याकडेच बघत राहिले.

अलार्मची गर्दी हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा. २४ जुलै १९९४ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले. वाचायचे कधी? माणूस मग एकच करतो, आवाज बंद करण्यापुरता ‘ॲक्नॉलेज’ दाबत सुटतो. पुण्याच्या सिग्नलला मागून वाजणाऱ्या हॉर्नकडे आपण जितकं लक्ष देतो, तितकंच त्या अलार्मच्या वाट्याला येतं. या अपघातानंतर ब्रिटनमध्ये १९९९ साली ‘ईईएमयूए १९१’ ही मार्गदर्शिका निघाली. तिचा ढोबळ हिशेब असा की, सुरळीत चालू असताना एका माणसाला दहा मिनिटांत एखादाच अलार्म झेपतो; दहाच्या वर गेले की पूर आला समजा. आणि ज्या सूचनेवर ऑपरेटरने काही करायचंच नाही, तिला अलार्म म्हणूच नये.

हे शेवटचं वाक्य अमलात आणणं महाकठीण. अलार्म वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही, काढायला मात्र सही लागते, आणि सही करणाऱ्याला वाटतं, उद्या नेमकं तिथेच काही झालं तर? म्हणून प्रत्येक अपघातानंतर यादी लांबते. एखादं मोजमाप मर्यादेच्या काठावर थरथरत राहिलं तर एकच अलार्म रात्रभर शेकडो वेळा येतो-जातो. ‘डेडबँड’, म्हणजे मर्यादेलगतचा दुर्लक्ष करायचा पट्टा, थोडा रुंद केला की तो थांबतो. पण ते बसून करणार कोण? सध्या एआयवाले हेच काम करून देण्याची हमी घेऊन फिरत आहेत. मी त्यांना एवढंच विचारेन, तुम्ही यादीतले किती अलार्म कायमचे काढून टाकणार?

अमेरिकेच्या पाइपलाइन नियमांत एक रटाळ कलम आहे, ते मला या सगळ्या यंत्रांहून मोलाचं वाटतं. ज्या ठिकाणचे सुरक्षेचे अलार्म दाबून ठेवलेत, जिथे आकडा हाताने भरलाय, अशा जागा महिन्यातून एकदा शोधून काढायच्या. दुरुस्तीसाठी बंद केलेला अलार्म पुन्हा सुरू करायचा राहून जातो, हे नियम लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं. आणि स्तंभ तुटण्याचा पेच फक्त अमेरिकेचा नाही. आपल्याकडे माहुलहून मनमाडजवळच्या पानेवाडीला जाणारी बीपीसीएलची वाहिनी सह्याद्री चढून जाते. चढ-उताराच्या अशा वाटेवर स्तंभ तुटणं हा रोजच्या विचारातला भाग असतो. तिथल्या पाळीवरच्या माणसाला मार्शलची गोष्ट सांगायला गेलात तर तो दाबाचा आलेख काढून तुम्हालाच चार गोष्टी सांगेल.

मार्शलनंतर एनटीएसबीने कंट्रोल रूममधल्या लोकांना एकत्र, एक चमू म्हणून प्रशिक्षण द्यायची शिफारस केली. ऑपरेटर, विश्लेषक, पाळीप्रमुख सगळे एकाच सरावाला बसतील आणि ‘बंद करा’ म्हणायला कनिष्ठ माणूसही कचरणार नाही, हा त्यामागचा हेतू. शिफारस २०१२ची, नियम जानेवारी २०१७चा, आणि कंपन्यांना त्यावर आणखी वर्षभराची मुदत.