छात्राध्यापकाचे वर्गातील पहिले दिवस

पाठाचे टाचण तयार असते, तक्ते व चित्रे हाताशी असतात. तरीही वर्गात पाऊल टाकताच छात्राध्यापकाचा आवाज कापरा होतो. प्रश्न विचारला की पुढच्या रांगेतील ठरावीक दोन-तीन हात वर होतात आणि पाठ पुढे सरकतो. निरीक्षणवहीत असा पाठ चांगला ठरतोही. परंतु मागे गप्प बसलेल्या मुलापर्यंत तो पोहोचलेला नसतो. मुलांशी नाते जुळणे ही पाठाची शोभा नव्हे, ती पाठाची पूर्वतयारी होय.

निरीक्षणाचा आठवडा

सुट्या सराव पाठांतून असे नाते जुळणे कठीणच. तासिका संपली की छात्राध्यापक परततो आणि मुलांच्या लेखी पाहुणाच राहतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा करून किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता ठरविली. तीत आरंभी नियमित शिक्षकाचा वर्ग पाहण्यासाठी एक आठवडा ठेवण्यात आला. हा आठवडा केवळ नोंदी करण्यासाठी नसून मुलांची ओळख करून घेण्यासाठी आहे.

नाव आणि बोली

ओळखीचा आरंभ नावापासून होतो. मुलांच्या बसण्याच्या जागांचा आराखडा काढून त्यात नावे लिहिली, तर दोन-तीन दिवसांत ती पाठ होतात. नावाने हाक मारताच मागच्या रांगेतील मूलही मान वर करते. हात वर न करणारी मुलगी कदाचित पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत आलेली असते. हे मधल्या सुट्टीतील चार शब्दांत कळते, हजेरीपटावरून नाही.

दुसरी पायरी बोलीची. वारली, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलास पुस्तकातील शब्द परका वाटतो. “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” एवढे विचारल्याने ते मूल घटकाभर शिक्षकाचेही शिक्षक बनते.

धाकाने वर्ग शांत होतो, बोलका होत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. नवख्या शिक्षकाने मात्र हा नियम बंधन म्हणून नव्हे, तर अध्यापनाची रीत म्हणून स्वीकारावा.

बोर्डी-कोसबाडचा धडा

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. पाने, बिया, खडे, शिंपले हीच शैक्षणिक साधने झाली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावा, हा त्या कार्याचा धडा छात्राध्यापकास आजही उपयुक्त आहे.

शाळेची जबाबदारी

मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी छात्राध्यापकाची वर्गाशी रीतसर ओळख करून द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीने त्यास आपल्या बैठकीस बोलवावे, म्हणजे पालकही परिचित होतील. रिकाम्या वर्गावर बसविण्यासाठी मिळालेला माणूस म्हणून त्याचा उपयोग करू नये; मार्गदर्शक शिक्षकाचा सहवास त्यास नित्य मिळावा. आंतरवासिता संपताना किती पाठ झाले याची नोंद तर होतेच. त्याबरोबर, पहिल्या दिवशी गप्प असलेली किती मुले आता बोलू लागली, याचीही नोंद त्याच वहीत व्हावी.