खोल खाणीतील उष्णता आणि जमिनीवरची एक खोली

दक्षिण आफ्रिकेतील कार्लटनव्हिलजवळची म्पोनेंग ही सोन्याची खाण सुमारे ४ किलोमीटर खोल गेली असून तेथील खडकाचे मूळ तापमान सुमारे ६६ अंश सेल्सिअस आहे. एवढ्या खोलवर नुसती हवा सोडून भागत नाही, कारण खाली उतरणारी हवा वरच्या हवेच्या भाराने दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. म्हणून जमिनीवर बर्फ तयार करून त्याचा पाणीमिश्रित लगदा नळांतून खाली पाठवतात. वितळणारा बर्फ तेवढ्याच वजनाच्या थंड पाण्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषतो, आणि खाली गेलेले पाणी पंपांनी पुन्हा वर चढवावे लागत असल्याने ते जितके कमी तितका खर्चही कमी.

उष्णतेचे माप साध्या तापमापकाने घेऊन चालत नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो; म्हणून तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळून तो हवेत गरगर फिरवतात आणि मिळालेल्या आकड्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात. भारतीय खाण-नियमांनुसार ते ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ अंशांच्या वर गेल्यास कामाच्या जागी सेकंदाला किमान १ मीटर वेगाने हवा खेळती ठेवावी लागते. कोलारच्या ३ किलोमीटरहून खोल गेलेल्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, तरी विदर्भातील भूमिगत कोळसा खाणींना हे बंधन लागू होतेच.

या विषयाच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य मात्र जमिनीवरच्या एका खोलीतले आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या खाणींत उष्माघाताने माणसे दगावू लागल्यावर नव्या मजुरांचे शरीर उष्णतेला सरावण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे त्यासाठी खास दमट, तापवलेल्या खोल्या बांधल्या गेल्या, जेथे दूरदूरच्या खेड्यांतून आणलेले कृष्णवर्णीय मजूर रोज ४ तास ठरावीक तालावर ठोकळ्यावर चढत आणि उतरत. ठोकळ्याची उंची ज्याच्या त्याच्या वजनावरून ठरवलेली असे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच कष्ट येत. त्यामागचे शास्त्र खोटे नव्हते. सरावाने घाम लवकर आणि अधिक सुटतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि त्यामुळे जीव वाचले. परंतु हा सराव काही आठवड्यांतच ओसरतो, त्यामुळे सुटीवर गावी जाऊन आलेल्या मजुराला पुन्हा त्या ठोकळ्यापाशी उभे राहावे लागे. खडक तसाच तापलेला राही. बदलण्याचा भार माणसाच्या अंगावर पडे. पुढे या खोल्या मागे पडून अर्ध्या तासाची चाचणी आली, पण तीही माणसालाच पारखते.

जागा आधी थंड करावी आणि माणसाची परीक्षा नंतर घ्यावी, हाच क्रम न्याय्य होय. त्यासोबत पाणी, विश्रांती आणि काम थांबवण्याचा अधिकारही हवा, जो दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या खाण आरोग्य व सुरक्षा कायद्याने धोक्याची जागा सोडून जाण्याची मुभा देऊन कामगाराला दिला. उष्माघातात बुद्धी लवकर गोंधळते आणि स्वतःची अवस्था स्वतःला कळत नाही, तेव्हा हा अधिकार शेजारी काम करणाऱ्यालाही त्याच्या वतीने वापरता आला पाहिजे.