मानपत्र, दुखवटा आणि नळाचं पाणी

आपल्या गावच्या नगरपरिषदेची सभा म्हटली की गटारं, नळ, दिवाबत्ती आणि टेंडर एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा १९६५च्या ज्या कायद्यानं चालतात, त्याचं ८१वं कलम जरा उघडून पाहा. सर्वसाधारण सभेत काय काय येऊ शकतं हे तिथं सांगितलं आहे. परिषदेचे अधिकार आणि कर्तव्यं यांच्याशी संबंधित विषय तर येतातच. पण त्यांच्याबरोबर प्रतिष्ठित पाहुण्यांचं स्वागत, थोर व्यक्तीला मानपत्र आणि दुखवट्याचा ठराव या तीन गोष्टीही कायद्यानं नाव घेऊन लिहिल्या आहेत. अट एकच, अध्यक्षांची पूर्वपरवानगी हवी. गटार आणि गौरव एकाच टेबलावर येतात ते असे.

मी काही वर्षं एका छोट्या शहराच्या नगरपरिषदेत सभेचं काम पाहत होतो. विषयपत्रिका काढायची, नोटिसा घरोघर पोचवून सह्या घ्यायच्या, सभेत कोपऱ्यात बसून टिपणं काढायची आणि मग इतिवृत्त लिहायचं. आमच्याकडे त्याला सगळे प्रोसिडिंग बुकच म्हणत. दर दोन महिन्यांनी एक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे, असा कायदा आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं, मग एकेक विषय वाचायचा. कुणीतरी सूचक, कुणीतरी अनुमोदक आणि मग ‘मंजूर, मंजूर’चा गजर. पाणीपट्टीवर तासभर भांडणारे सदस्य दुखवट्याच्या ठरावाला मात्र मुकाट्यानं उभे राहत.

लोक मला विचारत, ‘अहो, या ठरावांनी काय होतं? कागदच ना तो?’ कागदच. पण तो गावाचा कागद असतो. एखाद्या शाळामास्तरांचं नाव, चाळीस वर्षं गाव झाडणाऱ्या सफाई कामगाराचं नाव त्या बुकात गेलं, की गावानं त्या माणसाची अधिकृत दखल घेतली असा त्याचा अर्थ होतो. म्हणूनच कुणाचं नाव जातं आणि कुणाचं जात नाही, हा प्रश्न किरकोळ नाही. ठरावाची प्रत घरच्या मंडळींना पाठवली जाई. कित्येक घरांत ती फ्रेम करून भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गौरव हा पैशाचाही मामला असतो. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा विषय सभेपुढे आला, तेव्हा बत्तीस सदस्यांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते एकटे पडले. पण आज त्या स्वागताची आठवण राहिली आहे ती या एका विरोधामुळे. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचं बिल मंजुरीला आलं, की मला हटकून ही गोष्ट आठवायची.

ठरावाचं खरं मोल समजून घ्यायचं तर मात्र महाडला जावं लागतं. ऑगस्ट १९२३मध्ये सी. के. बोले यांनी नव्हे, सीताराम केशव बोले असं पूर्ण नाव सांगतो, मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४मध्ये आपलं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कशावर? कागदावर! प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण सवर्णांचा विरोध तसाच होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, हे आपण सगळे जाणतो. पण ते पाणी पिताना त्यांच्या पाठीशी नगरपालिकेचा एक ठराव उभा होता, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. ते जे करत होते ते कायदेशीर होतं. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस या लढ्यात बाबासाहेबांच्या बाजूनं होते. त्यानंतर काय झालं? दबाव आला आणि ऑगस्ट १९२७मध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. तळं फक्त सवर्णांचं असल्याची अनादी काळची वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिला, तो मार्च १९३७मध्ये. सत्याग्रहानंतर तब्बल दहा वर्षांनी! एका छोट्या गावाच्या सभेतला ‘मंजूर’ किती लांब जातो आणि ‘रद्द’ किती महागात पडतो, ते यावरून कळावं.

नावांचंही तसंच. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय मुंबईत झाला, पण पाटी लागायची ती गावात. पत्त्यावर जात लिहावी लागणं म्हणजे काय, हे ज्यानं नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिलाय त्यालाच विचारा. चौकाला पुढाऱ्याचं नाव देण्यासाठी जी घाई होते, तिच्या निम्मी जरी इथं झाली तरी पुष्कळ काम होईल.

मध्यंतरी तर सभाच नव्हत्या. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१च्या अखेरीस आणि त्यानंतर संपली. निवडणुका लांबत गेल्या, त्या डिसेंबर २०२५मध्ये झाल्या. तोवर प्रशासकांची राजवट होती. ठराव निघत होते, पण एकाच सहीचे. ना सूचक, ना अनुमोदक, ना विरोध. दुखवट्याला उभं राहायलाही सभागृहात कुणी नाही!

आता पुन्हा सभा भरू लागल्या आहेत. त्या तुम्हाला बघता येतात. इतिवृत्त वाचायला मागा. कुणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. गावातल्या एखाद्या परिचारिकेचा, एखाद्या ग्रंथपालाचा गौरव व्हावा असं वाटत असेल, तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला साधं पत्र द्या आणि त्यांनी नगराध्यक्षांची परवानगी घेतली का, हे सभेची नोटीस निघायच्या आधी विचारा. नोटीस सात दिवस आधी निघते. तेव्हा पत्र जरा लवकरच द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.