घरातली भरती-ओहोटी

केळव्याला येणारा पाहुणा दोन गोष्टी पाहून जातो: शीतलादेवीचे देऊळ आणि सुरूच्या बनापुढचा समुद्र. २०२० साली आमच्या घरी येणाऱ्याला आणखी एक तिसरी गोष्ट पाहावी लागे, ती म्हणजे ओटीवरची काचेची पेटी. तीत समुद्र आहे, असे आमच्या चिरंजीवांचे म्हणणे होते.

करोनामुळे शाळा बंद, समुद्र दारात आणि बाप मराठीचा प्राध्यापक, म्हणजे व्यवहारज्ञानाच्या नावाने शून्य! अशा तिहेरी योगावर ही पेटी घरात आली. मूळ दोष माझाच. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले होते. ते आडनाव आपल्या शेजारच्या तारापूरवरून आलेले, तेव्हा मत्स्यालयावर आपलाही थोडा हक्क आहे, असे वडील हसत सांगत. तीच गोष्ट मी मुलाला सांगितली आणि अडकलो.

त्याला प्रवाळांची बाग हवी होती. तेवढे मात्र मी साफ नाकारले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून प्रवाळे आहेत. ती समुद्रातून काढणे गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० साली हाजीअली आणि वरळी येथील प्रवाळे हलवावी लागली, तीसुद्धा परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या हातून. अखेर तडजोड झाली. प्रवाळांचीच भावंडे असलेली तीन समुद्रफुले, ज्या गोट्यांना चिकटली होती त्या गोट्यांसकट, खडकातल्या खळग्यातून आमच्या ओटीवर आली. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. भरतीत पाकळ्यांसारखे हात पसरून तो भक्ष्य धरतो आणि ओहोटीत मूठ मिटून बसतो.

आठ दिवस फुले फुलली. नवव्या दिवशी मिटली, ती उघडेचनात. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. क्षारमापकाचा काटा समुद्राप्रमाणे १.०२५ वर होता. आम्ही थोडे पाणी बदलले, तरी उपयोग नाही. एक फूल तर पांढुरके होऊन सैल पडले. चिरंजीव जेवेनात. “बाबा, आपण त्याला मारतोय का?” या प्रश्नाला माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

ते मिळाले शेजारच्या वाडीतल्या अण्णांकडून. अण्णांचा जन्म पानवेली सांभाळण्यात गेला. पेटीकडे पाहून ते म्हणाले, “मास्तर, पाणी चांगलं आहे हो, पण ते चालत कुठं आहे? मुळाशी पाणी तुंबलं की वेल कुजते.”

पुस्तके उलगडल्यावर कळले की अण्णा अचूक बोलले होते. मासा पाण्याकडे जाऊ शकतो. समुद्रफूल आणि प्रवाळ एका जागी रोवलेले, त्यांच्याकडे पाण्यानेच यावे लागते. प्राणवायू आणि अन्न त्यानेच आणायचे, मळही त्यानेच न्यायचा. पाणी थांबले की प्राण्याच्या अंगालगत न हलणाऱ्या पाण्याचे पातळ अस्तर तयार होते. त्यातला प्राणवायू संपतो, मळ साचतो आणि भोवती शुद्ध पाणी असूनही जीव कोंडतो. शिवाय दगडांच्या आडोशाला अडकलेले अन्न कुजून अमोनिया होतो, तो वेगळाच.

मग हिशेब मांडला. पेटीत पाणी दीडशे लिटर. आमचा पंप ताशी तीनशे लिटर फिरवी, म्हणजे अवघ्या दोन फेऱ्या. मऊ प्रवाळे पाळणारे लोक ताशी दहा ते वीस फेऱ्या धरतात, कठीण प्रवाळांना त्याहूनही जास्त. ताशी दीड हजार लिटरचे दोन पंप आणले आणि उत्साहाच्या भरात दोन्हींची तोंडे फुलांवर रोखली. बिचारी आणखी मिटली! अण्णा पुन्हा हसले. “धार लागली की मूळ उघडं पडतं. पाटाच्या तोंडाशी दगड ठेवतात तो कशाला?”

मग पंपांची तोंडे समोरच्या काचेकडे वळवली. धार काचेवर आपटून फुटू लागली, पाणी घोटाळत दगडांमागे जाऊ लागले. एक पंप सहा तास, मग दुसरा सहा तास, असा क्रम लावला. समुद्राची भरती-ओहोटीही साधारण तशीच. एका पंपाचे तोंड थोडे वर केले, तेव्हा पृष्ठभाग हलू लागला, कारण हवेतला प्राणवायू तिथूनच पाण्यात उतरतो. चौथ्या दिवशी दोन फुले उघडली. तिसरे मात्र गेले. चिरंजीवांनी ते परसात पुरले, आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

खरी परीक्षा १७ मे २०२१ रोजी झाली. तौक्ते वादळात वीज गेली आणि पंप थांबले. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी राहतो. तेव्हा मला ॲना थिन ही इंग्रज बाई आठवली. १८४६ साली तिने समुद्रकाठची प्रवाळे लंडनला घरी नेली. ताजे समुद्रपाणी रोज कुठून आणणार? म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. प्रवाळे जगली!

आमच्याकडे मोलकरीण नव्हती, तांब्या होता. रात्रभर आम्ही पाळ्या लावल्या. तांब्या भरायचा, हातभर उंचीवरून ओतायचा, पुन्हा भरायचा. बाहेर माड कडकडत होते. पहाटे दोनच्या पाळीला उठलो, तर ही माझ्याआधीच कंदिलापाशी बसून पाणी ओतत होती. या पेटीला सहा महिने “डबके” म्हणणारी हीच! मी तांब्या मागितला. म्हणाली, “निजा तुम्ही. तुमची धार फार जोराची पडते.”

दोन्ही फुले वाचली. पण त्या रात्रीनंतर चिरंजीव गप्प गप्प असत. एक दिवस म्हणाले, “बाबा, समुद्राची वीज कधी जात नाही, नाही का?”

त्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, आम्ही ओहोटीला निघालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. अमावास्येच्या सुमारास भरती बाराला, म्हणजे पाणी उतरलेले सहाला. चिरंजीवांनी खळगे बारकाईने पाहिले. एकात पाणी तुंबत होते, दुसऱ्यात थेट लाटेची धार होती; दोन्ही नापसंत. शेवटी दगडाच्या आडोशाचा एक निवडला, जिथे लाट फुटून दोन्ही बाजूंनी येई. गोटे तिथे ठेवले आणि पाणी चढेपर्यंत आम्ही वाळूवर बसून राहिलो.

फराळ त्या दिवशी उशिरा झाला.